शेजारी विचारील असे जीवन

(मेडशी, जि. वाशीम येथील एका पाळकाकडून)

शास्त्रपाठ : थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ४ : ९–१२



थेस्सलनीका हे मासेदोनिया प्रांतातील मोठे बंदर होते. रोमी सरकारने बांधलेला एक राजमार्ग त्या नगरावरून जात असे, आणि व्यापारी, शिपाई, मजूर, यात्रेकरू यांची तेथे रात्रंदिवस ये-जा चाले. त्या नगरात पौल व सीला आले. तीन शब्बाथ पौलाने सभास्थानात शास्त्रावरून संवाद केला, काही लोकांनी विश्वास ठेवला, आणि लगेच नगरात दंगल उसळली. बंधुजनांनी त्या दोघांना रात्रीच्या रात्री बिरुयास पाठवून दिले. ही हकिकत प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आपण वाचतो. मागे राहिली ती एक कोवळी मंडळी. तिला ना मंदिर, ना शाळा, ना पगारी उपदेशक. आणि गावचे लोक तर तिच्याकडे संशयाने पाहत होते.

अशा मंडळीला पौल जेव्हा पत्र लिहितो, तेव्हा तो काय आज्ञा करील असे आपणास वाटते? चौकात उभे राहून मोठ्याने ओरडा, घरोघर जाऊन वाद घाला, असे तो सांगेल काय? बंधूंनो, पत्राचा चौथा अध्याय काढून पाहा. तेथे तो सांगतो की, तुम्ही एकमेकांवर प्रीती करिता ती आणखी वाढू द्या. गाजावाजा न करता राहा. ज्याने त्याने आपापले काम पाहावे आणि आपल्या हातांनी श्रम करावे. असे का करावे, याचे कारणही तो देतो. मंडळीच्या बाहेर जे आहेत त्यांच्या दृष्टीने आपले वर्तन शोभेल असे असावे, आणि आपल्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये, हे ते कारण.

किती साधी आज्ञा! तरी याच पत्राच्या पहिल्या अध्यायातील आठवे वचन पाहिले म्हणजे मन थक्क होते. याच लोकांपासून प्रभूच्या वचनाचा घोष मासेदोनिया व अखया या दोन्ही प्रांतांत गेला, इतका की त्याविषयी आपल्याला काही सांगण्याची गरजच उरली नाही, असे पौल तेथे लिहितो. मग हा घोष केला कोणी? जे आपल्या हातांनी काम करीत होते आणि गाजावाजा न करता राहत होते, त्यांनीच. त्या राजमार्गाने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी त्यांची दुकाने पाहिली, त्यांच्याशी देणेघेणे केले, त्यांच्या घरी पाणी प्याले, आणि ती वार्ता पुढच्या गावी नेली. या एका गोष्टीचा आज आपण विचार करू.

आपले मेडशी हेही रस्त्यावरचेच गाव आहे. अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव करीत वाशीमला जाणारा हा हमरस्ता आज राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. चहाच्या टपरीवर, एस. टी. च्या थांब्यावर, अडत्याच्या काट्यापाशी आपले लोक रोज शेकडो परक्या डोळ्यांसमोर असतात. आणि ज्या गावांवरून महामार्ग जात नाही, तेथेही पार आहे, हापसा आहे, वावराचा बांध आहे. रविवारचा उपदेश किती जण ऐकतात? जे मंदिरात येतात तेवढेच. परंतु सोमवारपासून शनिवारपर्यंत आपण कसे बोलतो, कसे मोजतो, कसे भांडतो, हे सारा गाव पाहतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताचे पत्र म्हणतो. ज्याला अक्षर येत नाही तोही हे पत्र वाचू शकतो. प्रश्न इतकाच की, त्यात त्याला काय लिहिलेले आढळते?

तीन खऱ्या हकिकती

सुवार्ता मनुष्याच्या अंतःकरणापर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातच पाहू.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयाने त्या राहत होत्या. त्या मंडळाची एक शाखा लंडनमधील फुलम येथे होती. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे ठेवून घेऊन त्यांची सेवा करीत. रमाबाईंनी ते काम डोळ्यांनी पाहिले. त्या स्त्रियांचे आयुष्य कसे पालटले, त्यांच्याशी त्या भगिनी किती ममतेने वागतात, हे पाहून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, आणि तो त्यांनी विचारला : ख्रिस्ती लोक या स्त्रियांची काळजी का वाहतात? तेव्हा शिकविणाऱ्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखविली. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या त्या विदुषीच्या हृदयाला त्या एका विहिरीकाठच्या गोष्टीने हात घातला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावी मुक्तीच्या आवारात अशाच टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. फुलमला जे त्यांनी पाहिले, तेच त्यांनी आपल्या देशात करून दाखविले.

येथला क्रम ध्यानात घ्या. आधी कृती, कृतीवरून प्रश्न, आणि प्रश्नावर वचन. ते वचन रमाबाईंना आधीच कोणी वाचून दाखविले असते, तर कदाचित ते कानावरून गेले असते. परंतु विचारणारीनेच विचारले, म्हणून उत्तर मनात रुजले.

दुसरी हकिकत नारायण वामन टिळकांची. १८९३ सालच्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी या काळ्या मनुष्याला डब्यातून उठविले नाही. उलट जागा दिली, आदराने बोलणे काढले, संस्कृत काव्यावर गोष्टी केल्या. मग बोलता बोलता येशू ख्रिस्ताचा विषय निघाला, आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला.  टिळक ते पुस्तक वाचू लागले, डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांची पदे आज आपली खेड्यांतील मंडळी तोंडपाठ म्हणते, त्या कवीला प्रभूकडे आणणारा मनुष्य आगगाडीतला एक प्रवासी होता. त्याने त्या दिवशी प्रवचन केले नाही. शेजारी बसलेल्या मनुष्याला त्याने मान दिला. तो मान दिला नसता, तर पुस्तक घेतले गेले असते काय?

तिसरी हकिकत लक्ष्मीबाईंची. पतीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या नातलगांत वेगळ्या राहिल्या. पुढे पतीजवळ येऊन राहिल्या तरी सोवळेओवळे सोडले नाही. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी त्यांना भाग पाडले नाही. एके दिवशी लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करीत असता त्यांच्या मनात आले की, जात ही देवाने केली की माणसाने? आणि देवाने केली नाही असे मनास पटल्यावर त्यांनी शिवाशीव टाकून दिली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या बाप्तिस्म्यापासून तेथपर्यंत पाच वर्षे गेली. आपल्या आठवणी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात लिहून ठेविल्या आहेत. एकाच घरात दोन चुलींचे ओझे वाहणे सोपे नव्हते. पण घाई केली असती, तर बायको कदाचित बाप्तिस्मा पावली असती, परंतु लक्ष्मीबाई टिळक आपणास मिळाल्या नसत्या.

वावर आणि बाजार

आता आपल्या घराकडे येऊ. आपण बहुतेक शेतकरी, सालदार, रोजमजूर, गवंडी, वाहनचालक, शिक्षक, परिचारिका आहोत. आपली पहिली व्यासपीठे म्हणजे वावर आणि बाजार.

कापसाचा हंगाम आला म्हणजे काय चालते, हे तुम्हाला पाळकापेक्षा अधिक ठाऊक आहे. काट्यावर नेण्यापूर्वी कापसावर पाणी शिंपडायचे, म्हणजे वजन चढते. वेचणीच्या बाया सांजेला मोजून देताना गाठोड्यात हिरवी बोंडे दडपतात, आणि मालक दुसरीकडून काट्यालाच टेकू देतो. मापात पाप म्हणतात ते हेच. सारेच करितात, मग माझ्या एकट्याने काय होणार, असे आपण म्हणतो. परंतु समजा, गावातील एक ख्रिस्ती शेतकरी कोरडाच कापूस नेतो, आणि एक ख्रिस्ती मजूर बाई वेचलेल्यापेक्षा एक किलोही अधिक सांगत नाही. पहिल्या वर्षी लोक हसतील. दुसऱ्या वर्षी अडत्या त्यांचे गाठोडे उघडून न पाहता घेईल. आणि तिसऱ्या वर्षी कोणीतरी विचारील, “का हो भाऊ, तुम्हाला दोन पैसे जास्त नको वाटतात काय?” बंधूंनो, तो प्रश्न आला की समजा, देवाने दार उघडले. त्या वेळी लांबलचक बोलण्याची गरज नाही. “माझा धनी पाहतो, त्याच्यासमोर मला खोटे माप चालत नाही,” एवढे म्हटले तरी पुरे.

आणि याच्या उलट झाले तर? ख्रिस्ती मनुष्य उसने घेऊन परत देत नाही, दुकानदाराची उधारी बुडवितो, सालाचे पैसे आगाऊ घेऊन अर्ध्या हंगामात दुसऱ्याकडे कामाला जातो, आणि रविवारी पांढरे कपडे घालून गीते गातो. असे झाले तर शेजाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहत नाही काय? राहतो. परंतु तो प्रश्न असा असतो : यांचा देव काय फक्त रविवारीच पाहतो? या प्रश्नाला कोणत्याही उपदेशकापाशी उत्तर नाही. एका मनुष्याची बुडविलेली उधारी दहा वर्षांच्या उपदेशावर पाणी फिरवू शकते. म्हणून पौलाने हातांनी श्रम करण्याची आणि कोणाच्या ओझ्याखाली न राहण्याची आज्ञा केली. त्याने स्वतः करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवण्याचा धंदा केला, आणि त्याच धंद्याच्या घरातून ख्रिस्ताच्या कार्याचे एक जोडपे तयार झाले.

चूल आणि उंबरठा

बहिणींनो, तुमचे कार्यक्षेत्र याहून लहान नाही. स्वर्गाचे राज्य खमिरासारखे आहे असे प्रभूने सांगितले. ते एका बाईने पिठात घातले. आपल्या वऱ्हाडात भाकरीला खमीर लागत नाही, म्हणून हा दाखला आपल्या घरी विरजणाच्या रूपाने समजून घ्यावा. चमचाभर विरजण कोमट दुधात घातले की रात्रीतून सारे भांडे लागते. ते ढवळत बसावे लागत नाही. परंतु दोन गोष्टी हव्या : विरजण चांगले हवे, आणि ते दुधात पडले पाहिजे. वेगळ्या वाटीत झाकून ठेविलेल्या विरजणाने शेजारच्या भांड्यातील दूध कधी लागेल काय?

बाप्तिस्मा झाल्यावर काही घरे गावापासून दूर होतात. विटाळ होईल या भीतीने गावाने आपल्याला दूर ठेविले, त्याचे दुःख जुने आहे. परंतु आता आपण होऊन दूर राहू लागलो, तर ते विरजण वाटीतच राहील. शेजारणीला ताप आला, तर तिच्या पोरांना जेवू घालणारी पहिली बाई आपली असावी. बाळंतिणीच्या घरी पाणी भरावयास, मयत झाल्यावर दुखवट्याला, आग लागल्यावर बादली घेऊन धावण्यास आपण मागे राहू नये. मूर्तीपुढे हात जोडणे आपल्या श्रद्धेत बसत नाही, हे नम्रपणे सांगता येते. परंतु रडणाऱ्याबरोबर रडणे कोणत्याही श्रद्धेविरुद्ध नाही. ग्रामसभेत पाण्याचा, शाळेचा, रस्त्याचा प्रश्न निघतो, तेव्हाही आपला मनुष्य तेथे असावा, आणि तो आपल्या वस्तीपुरताच बोलणारा नसावा.

मात्र एक सावधगिरी ठेवा. उपकारावर किंमत लावू नका. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या भयंकर दुष्काळांत आपल्या वऱ्हाडात, मध्य प्रांतात व गुजराथेत माणसे अन्नावाचून मेली. त्या वेळी मिशनऱ्यांनी व रमाबाईंसारख्यांनी हजारो अनाथांना पोसले, हे सत्य आहे. परंतु तेव्हापासून आपल्या समाजाला एक टोमणा चिकटला आहे की, हे लोक भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. तो टोमणा पुसण्याचा उपाय वाद घालणे हा नव्हे. आपण जे देतो ते सर्वांना सारखे देणे, आणि दिल्यावर बदल्यात काहीच न मागणे, हा उपाय आहे. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले. परत आला तो एक. बाकीच्या नवांचा रोग त्याने परत लावला नाही.

वाशीम येथील नाझरीन मंडळीचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आपल्या भागातील पुष्कळांनी पाहिले आहे. डॉ. ऑर्फा स्पायचर या बाई १९३६ साली या देशात आल्या, मराठी शिकल्या, आणि १९३८ च्या सुमारास त्यांनी त्या दवाखान्याचे काम सुरू केले. अशा दवाखान्यात रोग्याच्या उशाशी बसलेले नातलग दिवसभर काय करितात? ते पाहतात. परिचारिका कोणाच्या जखमा धुते, गरिबाला कशी हाक मारते, रात्री तिसऱ्या प्रहरी बोलावल्यास कोणत्या चेहऱ्याने येते, हे सर्व ते पाहतात आणि गावी जाऊन सांगतात. आपल्या मुली परिचारिका होऊन अकोल्यास, नागपुरास, पुण्यास जातात. आईबापांनी त्यांना निरोप देताना इतके सांगावे की, मुली, तुझा पगार तू घरी पाठव अगर न पाठव. परंतु रोग्याशी बोलताना आपण कोणाच्या आहोत हे विसरू नकोस.

मंडळीच्या पंक्तीत

यापुढे जे लिहावयाचे ते कठीण आहे. शेजारी आपले वावर पाहतो, चूल पाहतो, तसे आपले मंदिरही पाहतो. आपण एकमेकांवर प्रीती केल्याने आपण ख्रिस्ताचे शिष्य आहोत हे सर्व जाणतील, असे प्रभूने अखेरच्या रात्री शिष्यांस सांगितले. मग आपल्या मंडळीत महाराची आणि मांगाची घरे निरनिराळी बसत असतील, प्रभुभोजनाच्या प्याल्याला ओठ लावताना मनात जात मोजली जात असेल, सोयरीक जुळविताना बाप्तिस्म्यापूर्वीची कुळे विचारली जात असतील, तर गाव काय म्हणेल? हे नाव बदलले, दुसरे काय बदलले? असेच म्हणेल. लक्ष्मीबाईंनी जे एका दिवसाच्या विचाराने टाकले, ते दोन-तीन पिढ्यांचे ख्रिस्ती घराणे जवळ बाळगून असेल, तर तो मोठा अडखळा आहे. येत्या नाताळात एक गोष्ट करून पाहावी : मंडळीच्या जेवणात ज्याच्या घरी आपण कधी जेवलो नाही, त्याच्या हातचे वाढलेले सर्वांनी खावे. त्याचा पुकारा करण्याची गरज नाही. गाव आपोआप पाहील.

पाळक व पंच यांची भांडणे, मिशनच्या जमिनीवरून चाललेले दावे, एका मंडळीतून फुटून निघालेली दुसरी मंडळी, हीही गावाच्या नजरेतून सुटत नाहीत. ज्याला भावाबरोबर समेट करणे जड जाते, त्याने शेजाऱ्याला देवाबरोबर समेट करावयास कोणत्या तोंडाने सांगावे?

मग बोलावयाचेच नाही काय?

कोणी म्हणेल, पाळकबुवा, आपण जगण्याविषयीच सांगितले. मग वचन सांगावयाचे कोणी? उत्तर असे की, बोलावयाचे तर अवश्य आहे. नामान सेनापतीच्या घरात पकडून आणलेली ती इस्राएली मुलगी आठवा. ती दासी होती, वयाने लहान होती, परमुलुखात होती. तिने मालकिणीची सेवा केली; आणि मालक कोडी आहे हे पाहून तिने एकच वाक्य बोलले, की शोमरोनातील संदेष्ट्यापाशी हे जातील तर बरे होतील. त्या एका वाक्याने एक सेनापती यार्देनेपर्यंत गेला. तिने आधी कामचुकारपणा केला असता, तर तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवला असता काय? आणि ती गप्प राहिली असती, तर नामान बरा झाला असता काय? दोन्ही हवे.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पंधराव्या व सोळाव्या वचनांत सांगितले आहे की, आपल्या आशेचे कारण जो कोणी विचारील त्याला उत्तर देण्यास सिद्ध असावे, आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे. या वचनात तीन गोष्टी आहेत, त्या उपदेशक बंधूंनी मनात ठेवाव्या.

पहिली, विचारणारा असावा. आपल्या जगण्याने प्रश्न उभा राहिला नसेल, तर उत्तराची घाई करू नये, जगणे तपासावे.

दुसरी, उत्तर तयार असावे. पुष्कळ जुने ख्रिस्ती लोक, “तुम्ही ख्रिस्ती का?” असे विचारल्यास, “आमचे आजोबा झाले होते,” एवढेच सांगतात. हे कुळाचे उत्तर झाले, आशेचे नव्हे. प्रत्येकाने आपले उत्तर दोन-तीन वाक्यांत, घरात बोलतो त्या भाषेत बसवावे. पुस्तकी शब्दांची गर्दी नको. टिळकांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनात व अभंगात आणली, आणि १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो याचसाठी की, मराठी माणसाने येशूला परक्या भाषेत न भेटता आपल्या ओळखीच्या वाणीत भेटावे. खेड्यातील मंडळीनेही टाळ-मृदंग घेऊन बसण्यास लाजू नये.

तिसरी, सौम्यता व आदर. एफिस येथे अर्तमी देवीच्या भक्तांची दंगल झाली, तेव्हा नगराच्या लेखकाने लोकांना सांगितले की, या माणसांनी देवळे लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही. पाहा, परक्या अधिकाऱ्याने ख्रिस्ती उपदेशकांना दिलेली ही साक्ष! दुसऱ्याच्या श्रद्धेचा उपमर्द करून कोणाचे मन जिंकता येत नाही. आपल्या देशाच्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य सांभाळून आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ सांगितला की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही. काही बंधू या निकालाने खिन्न होतात. परंतु विचार करा, मनुष्याचे अंतःकरण पालटणे हा आपला हक्क कधी होता काय? ते काम पवित्र आत्म्याचे आहे. आपल्याकडे साक्ष देण्याचे काम आहे. ज्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, तो पुढच्या स्टेशनावर उतरून गेला. बाकीचे काम त्याने देवावर सोडले. आमिष, धाक किंवा कपट यांचा ज्याला स्पर्श झाला ते काम ख्रिस्ताचे राहत नाही, मग त्यातून नोंदवहीत कितीही नावे चढोत.

या आठवड्यासाठी

बंधुभगिनींनो, ऐकून उठून जाणे सोपे असते. म्हणून या आठवड्यासाठी चार लहान कामे ठेवितो. ज्याच्याकडे कोणाचे देणे राहिले आहे, त्याने ते सर्व न फिटले तरी जाऊन कबूल करावे आणि देण्याचा दिवस ठरवावा. प्रत्येक घराने आपल्या आळीतील एका दुसऱ्या धर्माच्या घरी काही काम नसता, केवळ विचारपूस करण्यास जावे. मंडळीत ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याला पहिला नमस्कार आपण करावा. आणि रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी कुटुंबाने एका शेजाऱ्याचे नाव घेऊन, त्याच्या दुखण्यासाठी, त्याच्या पिकासाठी, त्याच्या मुलांसाठी प्रार्थना करावी. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करितो, त्याच्याशी खोटे बोलणे आपल्याला जड जाईल, हा तिचा पहिला गुण.

थेस्सलनीकेच्या मंडळीला मंदिर नव्हते, पगारी पाळक नव्हता. तरी तिचा घोष दोन प्रांतांत गेला. आपल्यापैकी पुष्कळ गावांत चार-पाचच घरे आहेत. तेवढी पुरेत. चार घरांत खरे माप असेल, उघडा उंबरठा असेल, एकमेकांवर प्रीती असेल, तर त्या गावात येशू ख्रिस्ताचे नाव घेताना कोणाला मान खाली घालावी लागणार नाही. आणि कोणीतरी, कधीतरी, त्या घरांच्या दारात येऊन विचारील. त्या दिवसासाठी प्रभू आपणा सर्वांस सिद्ध ठेवो.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या हातांच्या कामात, आमच्या मापात, आमच्या जिभेत व आमच्या घरांत तुझ्या पुत्राचे वास्तव्य असू दे. आमच्यामुळे कोणी तुझ्यापासून दूर गेला असेल, तर त्याला तूच जवळ घे. आमच्या शेजाऱ्यांवर आम्ही मनापासून प्रीती करावी, आणि त्यांनी विचारल्यास लीनतेने व धैर्याने तुझे नाव सांगावे, अशी कृपा आम्हास दे. आमच्या तारणाऱ्या येशूच्या नावाने मागतो. आमेन.